कानातली शिट्टी आणि थेंबांची जाहिरात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत कानात आवाज येण्याच्या तक्रारीवर एक छोटा लेख होता आणि त्याच्या खाली, लेखाचाच उरलेला भाग वाटावा अशा बेताने, कानात घालायच्या थेंबांची जाहिरात होती. लेखाने कारणे सांगितली ती मळ, सर्दी आणि नसांची कमजोरी. जाहिरातीने पंधरा दिवसांत आवाज बंद करण्याची हमी दिली. हे पान मी वाचत होतो तेव्हाही माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी चालूच होती. नऊ वर्षे ती अशीच चालू आहे, आणि त्यांतले पहिले दीड वर्ष मी असल्याच थेंबांच्या बाटल्या रिकाम्या करण्यात घालवले. म्हणून हे पत्र. माझे म्हणणे एकच आहे : ज्याला आपण कानातला आवाज म्हणतो तो बहुतेक वेळा कानात नसतोच. कान अधू झाल्यावर मेंदूतल्या ऐकण्याच्या वाटेत जे फेरफार होतात त्यांतून तो उठतो, आणि एवढे ध्यानात आले की कोणत्या उपायात तथ्य आहे व कोणत्यात नाही, हे वाचकाला स्वतःच ताडता येते.

मी विट्याचा. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, परंतु त्याआधी कॉलेज होईपर्यंत वडिलांच्या सहा मागांवर रात्रपाळी केली. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि दर फेकीला लाकूड लाकडावर आपटते; असे सहा माग पत्र्याच्या एका शेडमध्ये चालू असले की माणसे खुणांनीच बोलतात. कान झाकायचे म्हणजे वाया गेलेल्या सुताचा बोळा कानात कोंबायचा, एवढीच आमची व्यवस्था होती. लाईट गेली की अख्ख्या गल्लीतले माग एकाच क्षणी थांबत, आणि त्या अचानक उतरलेल्या शांततेत वडील डोके झटकून म्हणत, ‘‘लागले बघ कान वाजायला.’’ मागांचा खडखडाट कानात साठून राहतो आणि तोच मागाहून बाहेर झिरपतो, अशी माझी त्या वेळची समजूत होती. पुढे स्वतःचेच कान वाजू लागले आणि थेंबांनी काही होईना, तेव्हा जरा चिकाटीने वाचू लागलो, आणि लक्षात आले की ती समजूत अगदी उलटी होती. ऐकू येते ते साठलेले नव्हे. जे यायला हवे होते आणि येईनासे झाले, त्याच्या जागी मेंदूने उभे केलेले असते.

हे समजण्यासाठी ऐकण्याची वाट थोडी पाहावी लागेल. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते; डॉक्टर तिला कॉक्लिआ म्हणतात. तिच्या लांबीभर केसपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार पेशी आणि बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे बारा हजार. बाहेरच्या पेशी बारीक आवाज उचलून धरतात, आणि खरी बातमी मेंदूकडे जाते ती मुख्यतः आतल्या पेशींकडून. नळीच्या तोंडाशी उंच, किनरे सूर ओळखले जातात आणि टोकाशी खर्जातले. हार्मोनियमच्या पट्ट्या ओळीने मांडाव्यात तशीच ही मांडणी आहे. या पेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. (कोंबडीच्या कानात त्या उगवतात, हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले. आपल्या वाट्याला ते भाग्य नाही.) प्रत्येक कानातून सुमारे तीस हजार चेतातंतूंचा जुडगा, म्हणजे श्रवणचेता, निघतो आणि मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूच्या तळाच्या देठातल्या, पहिल्या थांब्यावर, कॉक्लिअर केंद्रक नावाच्या चेतापेशींच्या पुंजक्यात, पोहोचतो. तिथून पुढच्या थांब्यावर दोन्ही कानांच्या बातम्यांची गाठ पडते आणि आवाज कोणत्या बाजूने आला ते ठरते. मग मध्यमेंदूतला इन्फिरिअर कॉलिक्युलस, मग थॅलॅमस, आणि शेवटी कानशिलाच्या आत असलेले मेंदूच्या बाह्य थरातले श्रवणक्षेत्र. सुरांची ती ओळीने केलेली मांडणी या प्रत्येक थांब्यावर जशीच्या तशी जपलेली असते, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आणखी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते, मीही ती कधी शिकवली नव्हती. बाहेर कसलाही आवाज नसताना हे तंतू मुके बसत नाहीत. ते आपल्या आपण संदेश सोडत राहतात, काही तंतू तर सेकंदाला शंभराच्या घरात. निरोगी मेंदू या अखंड कुजबुजीला शांतता समजतो. म्हणजे ज्याला आपण शांतता म्हणतो ती मेंदूच्या लेखी संदेशांची एक ठरावीक पातळी आहे, आणि ती पातळी बदलली की शांततेचा हिशेबच चुकतो.

मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी केसपेशी झडल्या, की शंखाच्या त्या भागातून येणारी आवक कमी होते. आता खरे तर पुढच्या थांब्यावरही सामसूम व्हायला हवी. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत उलटेच आढळले. कानाकडून येणारे तंतू मंदावलेले असतात आणि त्यांच्याच पुढच्या केंद्रकातल्या पेशी मात्र पूर्वीपेक्षा जोराने, आपणहून, संदेश सोडू लागतात. ओढ्याचे पाणी आटावे आणि पुढच्या विहिरीची पातळी चढावी, असा हा प्रकार आहे. त्याचे कारण असे सांगितले जाते की चेतापेशी आपल्या कामाची एक सरासरी राखू पाहतात. आवक घटली की त्या आपली संवेदनक्षमता वाढवतात, आणि त्याच वेळी त्यांना आवर घालणाऱ्या ग्लायसीन व गाबा या रसायनांचा दाब सैल पडतो. गावात माईकची वायर ढिली झाली की स्पीकरवाला अॅम्प्लिफायरचे बटण पिळत जातो आणि भाषणाऐवजी नुसती घूं घूं ऐकू येते, ते आठवावे. ही उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. अॅम्प्लिफायरची घरघर विस्कळीत असते, आणि इथे शेजारशेजारच्या चेतापेशी एका तालात संदेश सोडू लागतात. खऱ्या आवाजानेही नेमके तेच होत असते. एका तालात आलेले संदेश वरच्या थांब्यांना गोंगाट वाटत नाहीत, बातमी वाटतात. म्हणून ऐकणाऱ्याला धड सूर ऐकू येतो, शिट्टी, रातकिडा, कुकरची वाफ.

हे सगळे कल्पनेचे खेळ नव्हेत. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू उत्तम येणाऱ्या ८० लोकांना आवाजबंद खोलीत बसवले, तर त्यांतल्या ९४ टक्क्यांनी काही ना काही ऐकू येत असल्याचे सांगितले. वडिलांची लाईट गेल्यानंतरची तक्रार थोडीफार याच जातीची असावी. २०१२ मध्ये एका अभ्यासात १८ निरोगी लोकांनी एका कानात सात दिवस बूच घालून ठेवले. त्यांच्यापैकी १४ जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले आणि बूच काढल्यावर ते गेले. कानाला इजा शून्य, आवक तेवढी तुटली. याहून ठळक पुरावा शस्त्रक्रियेतला आहे. श्रवणचेतेवरची गाठ काढताना ज्यांची ती चेता कापावी लागली अशा रुग्णांचा आढावा १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कान मेंदूपासून पूर्ण तोडल्यानंतरही त्यांच्यातल्या अनेकांचा आवाज तसाच राहिल्याचे किंवा वाढल्याचे त्यात दिसले. पाय कापल्यावर पायाची बोटे दुखतात, ती तक्रार दवाखान्यात आता कोणी हसण्यावारी नेत नाही. कानाची तीच गोष्ट आहे. जिथे तारच उरली नाही तिथे तारेच्या टोकाशी थेंब टाकून काय होणार?

लेखात असेही सुचवले होते की ऐकण्याची तपासणी चांगली आली तर काळजी नको, हा मनाचा भास समजावा. या एका वाक्याने फार माणसे दुखावतात. कारण नेहमीचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, आठ हजार हर्ट्झपर्यंतच तपासतो आणि शांत खोलीत अगदी हळू सूर ऐकू येतो की नाही एवढेच पाहतो. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवून दिले की मोठ्या आवाजानंतर ऐकू येणे काही दिवसांत पूर्ववत झाले आणि केसपेशी शाबूत राहिल्या, तरी त्या पेशी आणि चेतातंतू यांमधले जोड मोठ्या प्रमाणात कायमचे तुटलेले असू शकतात. दोन वर्षांनी शेट आणि मॅकअल्पाइन यांनी माणसांमध्ये याच्याशी जुळणारी खूण शोधली. ऑडिओग्राम निर्दोष, पण आवाजाची तक्रार असलेल्या लोकांच्या मेंदूतील लहरी मोजल्यावर श्रवणचेतेतून निघणारी पहिली लहर ठेंगणी निघाली, आणि मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातून निघणारी पाचवी लहर मात्र नेहमीइतकीच उंच. मधल्या वाटेत कुठेतरी आवाज वाढवला गेला होता. त्यानंतरच्या सगळ्याच अभ्यासांत ही खूण तितकी स्पष्ट आली नाही हे खरे, परंतु ‘तपासणी नॉर्मल, म्हणजे रोगी खोटा’ हा निष्कर्ष तेव्हापासून मोडीत निघाला आहे.

माझी स्वतःची तपासणी मिरजेला झाली. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी जाड दाराच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, एकेक सूर वाजवत विचारले, ‘‘काका, तुमची शिट्टी याच्यापेक्षा वर आहे की खाली?’’ हार्मोनियमची शेवटची पट्टीही जिथे पोहोचत नाही त्याच्या खूप वर, सहा हजार हर्ट्झच्या आसपास, त्यांचा सूर आणि माझा सूर एक झाले, आणि क्षणभर मला कळेना की बाहेरचा कोणता आणि माझा कोणता. मग त्यांनी ऑडिओग्राम समोर धरला. रेघ तीन हजारांपर्यंत बरी चालली होती आणि चार हजारांपासून पुढे खड्ड्यात उतरली होती. यंत्रावर काम केलेल्यांच्या कानात हा खड्डा ठरल्या जागी असतो, असे त्या म्हणाल्या. माझी शिट्टी नेमकी त्या खड्ड्यातच वसली होती. बहुतेकांच्या बाबतीत शिट्टीचा सूर ऐकू न येणाऱ्या सुरांच्या पट्ट्यातच सापडतो. मला चकित केले ते दुसऱ्या आकड्याने. रात्र रात्र जागवणाऱ्या त्या शिट्टीच्या जोराची तुलना केली, तेव्हा ती जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा अवघी सात डेसिबल मोठी निघाली.

वर सुरांच्या मांडणीचा उल्लेख केला तो इथे जोडतो. मेंदूच्या बाह्य थरात ज्या पट्ट्याला कानाकडून काही येईनासे होते तो रिकामा राहत नाही. शेजारच्या सुरांचा अंमल हळूहळू तिकडे सरकतो. आमच्या खानापूर तालुक्यात पडीक रानाचा बांध शेजारी कसा कोरतो हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. हा कोरलेला बांध म्हणजेच कर्णनाद (कानात आवाज येण्याच्या तक्रारीचे हे नाव), असे १९९८ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासानंतर अनेकांना वाटले, कारण सरकलेले अंतर जितके अधिक तितका त्रास अधिक असा मेळ त्यात दिसला होता. पुढे २०१२ मध्ये, ऐकू जवळजवळ ठीक येणाऱ्या पण आवाजाची तक्रार असणाऱ्या लोकांचे मेंदू एमआरआयने तपासले, तेव्हा बांध जागच्या जागी सापडले. तेव्हा बांध सरकतो तो बहिरेपणाने, आणि शिट्टी त्याच्याशिवायही वाजू शकते, असे आज मानण्याकडे कल आहे. शास्त्राने स्वतःचेच म्हणणे मागे घेतल्याची अशी उदाहरणे आपल्या पुरवणीत आली तर वाचकांचा विश्वास वाढेल असे मला वाटते, पण हे जाता जाता.

दोन गोष्टी कोणालाही घरी करून पाहता येतील. दात घट्ट आवळा किंवा मान एका बाजूला जोराने वळवून हाताने अडवा : कानात आवाज असणाऱ्या बऱ्याच जणांना त्या क्षणी तो चढलेला, उतरलेला किंवा सूर बदललेला जाणवेल. माझी शिट्टी फुटाणे खाताना सुरात चढते. नातवाला ही गंमत सांगितली तर तो रोज विचारतो, ‘‘आजोबा, आता कुठला सूर?’’ याचे कारण पहिल्या थांब्यातच आहे. कॉक्लिअर केंद्रकाच्या मागच्या भागात केवळ कानाचेच तंतू येत नाहीत, जबडा आणि मान यांच्या स्पर्शाचे व हालचालीचे तंतूही येऊन मिळतात, बहुधा आपण स्वतः चावतो, बोलतो त्याचे आवाज वजा करता यावेत म्हणून. कानाची आवक घटली की या दुसऱ्या आवकेचे वजन वाढते. मिशिगन विद्यापीठातल्या सुसान शोर यांनी हाच धागा पकडून, सूर आणि मानेवर किंवा गालावर दिलेला विजेचा सौम्य स्पर्श यांची मिलिसेकंदांत मोजलेली जोडी लावून, त्या पेशींची एकतालाची सवय मोडता येते का हे पाहिले. ९९ लोकांवर घेतलेल्या त्यांच्या चाचणीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सहा आठवडे रोज अर्धा तास घेतलेल्या या उपचाराने आवाजाचा जोर कमी झाल्याचे त्यात नोंदले आहे.

दुसरी गोष्ट पावसाची. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, पण आला की पत्र्यावर असा कोसळतो की शिट्टी पार बुडून जाते. त्यात नवल नाही, मोठ्या आवाजात लहान आवाज झाकणारच. नवल आहे ते पाऊस एकाएकी थांबल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. त्या अर्ध्या मिनिटात शिट्टी नसते. पत्र्याच्या टोकावरून टिपटिप गळणारे पाणी ऐकू येते, लांबचे कुत्रे ऐकू येते, आणि मध्ये काहीही नसते. मग दारातून कोणी पाहुणा परत यावा तशी ती हळूच आत येते. जर्मनीतील फेल्डमन यांनी १९७१ मध्ये या उसंतीचा पद्धतशीर अभ्यास केला. बाहेरून पुरेशी आवक मिळाली की त्या उधळलेल्या पेशी काही सेकंद, कधी मिनिटभर, शांत होतात एवढे त्यावरून निश्चित झाले. मला त्या अर्ध्या मिनिटाने शिकवले की माझ्या मेंदूला शांतता अजून येते.

आता थोडे त्रासाबद्दल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या एका आढाव्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना असा आवाज ऐकू येतो, आणि त्याचा तीव्र त्रास सुमारे दोन टक्क्यांना होतो. जोर सारखाच असताना एकाला झोप लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, याचे कारण श्रवणाच्या वाटेबाहेर आहे. जास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडले की मेंदूतल्या भीतीच्या आणि सावधपणाच्या केंद्रांनी त्या आवाजाला ‘धोका’ असा शिक्का मारला, की लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे ओढले जाते, आणि लक्ष गेले की शिक्का आणखी गडद होतो. सहा मागांच्या खडखडाटाला टेकून मी लहानपणी गाढ झोपत असे, आणि माग थांबले की जाग येई. सात डेसिबलच्या शिट्टीने मला जागे ठेवले ते याच न्यायाने. मागांचा आवाज म्हणजे घर चालू आहे, ही खात्री होती. शिट्टीचा अर्थ मला कोणीच सांगितला नव्हता. पहिल्या डॉक्टरांनी कानात दिवा धरून, पडदा चांगला आहे, आता वय झाले, मनावर घेऊ नका, असे सांगून दोन मिनिटांत मोकळे केले. एका सत्संगी स्नेह्यांनी हा अनाहत नाद आहे, पुण्याई लागते, असे सांगितले. त्यांच्या श्रद्धेचा मान राखून मी एवढेच म्हणालो की अनाहत नादाला चार हजार हर्ट्झच्या खड्ड्याची गरज पडू नये. मग एका दुकानातून थेंब आले, मग दुसऱ्या प्रकारचे थेंब, मग गोळ्या. सुश्रुतसंहितेत कर्णनाद हा कर्णरोगांत गणला आहे, म्हणजे तक्रार आजची नाही; पण जुन्या नावाचे लेबल लावून बाटली विकणाऱ्याला त्या ग्रंथाची पत मिळत नाही.

उपयोग कशाचा झाला, तर पहिल्यांदा श्रवणयंत्राचा. ते शिट्टी बंद करत नाही. बुजलेल्या सुरांची आवक थोडी परत आणून देते, आणि मेंदूचे पिळलेले बटण काहीसे सैल होते. दोन्ही कानांची यंत्रे मला तीन महिन्यांच्या पेन्शनला पडली, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. दुसरा उपयोग झाला तो रात्री उशाशी पंखा किंवा पाण्याचा हळू आवाज ठेवण्याचा, कारण निखळ शांतता ही आमच्यासारख्यांची मित्र नव्हे. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, मानसोपचारातील बोधात्मक वर्तन पद्धतीचा, म्हणजे आवाजाविषयीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचा. तिने आवाज कमी होतोच असे नाही, पण आवाजाचे जगण्यावरचे ओझे कमी होते, असे वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्याने दाखवले आहे. मला ही पद्धत मराठीत समजावणारे काही मिळाले नाही, म्हणून इंग्रजी वाचून माझे मीच चालवले. गिंको या वनस्पतीच्या गोळ्या पुष्कळ खपतात. त्याच संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात त्यांचा फारसा काही उपयोग आढळला नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये सूर आणि जिभेवरचे सौम्य विद्युतस्पंद यांचे एक उपकरण मान्य केले, पण कर्णनाद बंद करणारे एकही औषध त्याने आजवर मान्य केलेले नाही. मान्यताप्राप्त गोळी जिथे नाही तिथे थेंब पंधरा दिवसांची हमी देतात, हे आपल्या जाहिरात विभागाने ध्यानात घ्यावे.

लेखातले मळाचे कारण अगदीच चूक नव्हते हेही सांगितले पाहिजे. मळाने कान बुजला की आवक घटते, बुचाच्या प्रयोगात घटली तशीच, आणि मळ काढल्यावर आवाज जाऊ शकतो. फक्त तो डॉक्टरांनी काढावा, काडीने किंवा रस्त्यावर बसलेल्या माणसाच्या कोरणीने नव्हे. अॅस्पिरिनच्या मोठ्या मात्रा, क्विनीन, क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिन, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, यांनीही कान वाजू शकतात. असे झाल्यास औषध आपल्या मनाने न सोडता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. आणि तीन प्रसंगी मात्र घरी बसून चालत नाही. आवाज एकाच कानात सतत असेल तर श्रवणचेतेवर गाठ नाही ना हे पाहावे लागते. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. आणि एका रात्रीत कानाने ऐकू येईनासे झाले, तर ती तातडी आहे. उपचाराचे पहिले काही दिवस निघून गेले की ते परत मिळत नाहीत. थेंबांच्या पंधरा दिवसांच्या हमीतला खरा धोका हा आहे. ते पंधरा दिवस नेमके हेच असू शकतात.

औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत बहिरेपणाचे नाव आहे, आणि त्यावरचा इलाज म्हणून औषधाची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली आहे. आपल्या जाहिरातीत ‘कर्णनाद व कमी ऐकू येणे’ असे शब्द होते. कायदा मी शिकलेलो नाही, पण जाहिरात स्वीकारणाऱ्याने तो उघडून पाहावा अशी विनंती करण्याचा वाचक म्हणून मला अधिकार आहे.

दुसरी विनंती पुरवणीच्या संपादकांना. विट्यात, माधवनगरात आजही यंत्रमाग चालतात. शेडमधला आवाज ९५ ते १०० डेसिबल असणे नवलाचे नाही. ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला निम्मा वेळ, हे अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचे प्रमाण धरले, तर ९७ डेसिबलला अर्धा तास येतो. आमची पाळी बारा तासांची असे. जो मुलगा आज मागावर उभा आहे त्याचा ऑडिओग्राम बहुधा आणखी काही वर्षे चांगलाच येईल, आणि जोड मात्र आतून तुटत राहतील. सुताच्या बोळ्याऐवजी फोमचे बूच वापरायला फार पैसे लागत नाहीत. ते बोटांनी लाटून, कान वर ओढून, आत फुलेपर्यंत धरून ठेवायचे असते, एवढेही आमच्याकडे बहुतेकांना माहीत नाही. त्याचे एक चित्र छापलेत तरी पुष्कळ होईल. हेच बूच शांत घरात मात्र घालू नये. ज्याचे कान आधीच वाजतात त्याची शिट्टी त्याने वाढते, हे मी अनुभवाने सांगतो.

पत्र लांबले आहे आणि आपल्या पानाला मर्यादा असते याची मला जाणीव आहे. कापायचेच असेल तर माझ्या थेंबांची हकिकत आणि फुटाणे खुशाल कापावेत. एका कानाचा आवाज, नाडीबरोबर धडधडणारा आवाज आणि एका रात्रीत गेलेले ऐकू येणे, या तीन गोष्टींची वाक्ये तेवढी ठेवावीत, आणि शक्य असेल तर ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावीत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
विटा, जि. सांगली